ग्लोव्हचा कागद आणि विमलअक्कांचा हात

ऑगस्ट महिना होता. सकाळी सव्वाअकराला आमच्या मिलिटरी हॉस्पिटलला आदेश आला. जळगाव जिल्ह्यात पूर. एक फ्लड रिलीफ कॉलम, म्हणजे पूरमदतीची तुकडी, निघतेय, सोबत छोटी सर्जिकल टीम द्या. दुपारी दोन वाजता गाड्या सुटल्या. मी तिसऱ्या गाडीत, हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हच्या शेजारी बसलो होतो.

मी हवालदार सुरेश पाटील, आर्मी मेडिकल कोर. आता निवृत्त. गाव दोंडाईचाजवळ. एकवीस वर्षांच्या नोकरीत मी रायफल फक्त फायरिंग रेंजवर चालवली. माझा ट्रेड ऑपरेशन रूम असिस्टंट. सर्जनच्या हातात योग्य वेळी योग्य हत्यार द्यायचं आणि ऑपरेशननंतर सगळं मोजून परत घ्यायचं, हे माझं काम. लोक विचारतात, बॉर्डरवर होतास का? होतो, दोनदा. पण जी ड्यूटी मला सगळ्यात जास्त आठवते ती माझ्याच खानदेशात झाली, घरापासून चार तासांच्या अंतरावर.

टीममध्ये आम्ही सहा जण. सर्जन मेजर अनुराधा सेठी. भूल देणारे कॅप्टन बरुआ. मी, आणि तीन नर्सिंग असिस्टंट. मेजर सेठींबरोबर मी तीन वर्षं काम केलं होतं. उंचीनं लहान, आवाजानं त्याहून लहान. ऑपरेशनमध्ये त्या रागावल्या तर बोलायच्या बंद व्हायच्या, त्यामुळे आम्हाला कळायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आम्ही सावद्याच्या अलीकडे पोचलो. पुढचा पूल खचला होता. सातपुड्यातून येणाऱ्या नद्या एकदम भरतात आणि आठ तासांत उतरतात, पण या वेळी वरचा पाऊस थांबतच नव्हता. तंबू ठोकायला कोरडी जागा नव्हती. तेव्हा कांतिलालशेठ नावाचे केळीचे व्यापारी स्वतः छत्री घेऊन आले. त्यांचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं. रस्त्याच्या उंच बाजूला त्यांचं केळीचं पॅकहाऊस होतं.

ते मेजर सेठींना म्हणाले, "मॅडम, फरशी पक्की आहे, बोअरचं पाणी आहे, जनरेटर आहे. केळी मी हलवतो. शेड तुमचीच समजा."

नऊ वाजेपर्यंत त्यांनी खरोखर शेड रिकामी करून दिली. फण्या धुवायच्या टाक्यांच्या बाजूला आम्ही स्क्रब करायची जागा केली. आतल्या ऑफिसात ऑपरेशन टेबल लागलं. त्या खोलीत एक छोटा फ्रीज होता, शेठजींच्या पाण्याच्या बाटल्यांचा. त्या काढून आम्ही त्यात लसी आणि सलाईन ठेवलं. प्लायवुडच्या पार्टिशनपलीकडे सिग्नलवाल्यानं रेडिओ सेट लावला. बारा वाजता टीम ऑपरेशनला तयार असल्याचा रिपोर्ट गेला.

पॅकहाऊसच्या दुसऱ्या टोकाला आर्मी इंजिनिअर्सच्या बोटीची टोळी उतरली होती. तिचा कमांडर नायक हरीश बिष्ट, कुमाऊँचा, वय बत्तीस. त्यानं केळीची उभी बाग आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

"उस्ताद, ये सब केला है?"

"बठ्ठं केळीचंच शे," मी त्याला आमच्या बोलीत सांगितलं.

त्याला 'बठ्ठं', म्हणजे सगळं, हा शब्द आवडला. मग त्यानं माझ्याकडून बोटीत लागणारी चार वाक्यं वहीत उतरवून घेतली. बसा. हात द्या. हलू नका. मी आहे. संध्याकाळपर्यंत त्यानं दोन फेऱ्यांत चौदा माणसं आणि एक बकरी बाहेर काढली. बकरीलाही तो 'हलू नका' म्हणत होता, असं त्याच्या सोबतच्या जवानांनी हसत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा चाळीसला अपघात झाला. मी तिथे नव्हतो. जे सांगतो ते बिष्टच्या दोन जवानांकडून आणि नंतर विमलअक्कांकडून ऐकलेलं आहे.

नदीकाठच्या एका गावात पाणी घरांच्या छपरांना लागलं होतं. शेवटच्या फेरीत विमलबाई कोळी नावाच्या बाईंना आणि त्यांच्या शेजाऱ्यांना काठावर आणलं. विमलबाई तेव्हा पंचेचाळीसच्या होत्या, केळीच्या पॅकिंगला जायच्या. मागे एकटे रामदासनाना राहिले होते, वय अठ्ठ्याहत्तर, कडुलिंबाच्या फांदीला धरून. बोट तिथे जाऊ शकत नव्हती. बिष्ट कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला. दोन जवान काठावर दोर धरून उभे होते. बिष्ट नानांपर्यंत पोचला, आणि त्याच वेळी जवानांच्या पायाखालचा काठ खचला. दोघं चिखलात घसरले. दोर सुटून पाण्याकडे पळू लागला.

विमलबाई जवळ होत्या. त्यांनी दोर पकडला, उजव्या हाताला दोन वेढे दिले आणि विजेच्या खांबाला पाय लावून आडव्या झाल्या. जवान उठून येईपर्यंत तीन-चार मिनिटं त्यांनी एकटीनं तो दोर धरला. पलीकडे बिष्टनं स्वतःच्या कमरेचा दोर सोडून नानांना बांधला. सगळ्यांनी मिळून ओढलं. नाना बाहेर आले. पाण्यातून एक ओंडका आला होता. त्यानंतर बिष्ट कुणाला दिसला नाही.

अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी विमलबाईंना ट्रॅक्टरवरून आमच्याकडे आणलं. हात ओल्या साडीत गुंडाळलेला होता. मी साडी सोडली. मनगटाच्या चार बोटं वरपासून बोटांच्या मुळापर्यंत हाताच्या वरच्या बाजूची कातडी दोरानं सोलून नेली होती. अंगठा आणि पहिल्या बोटामधली घडीही गेली होती. आतल्या पांढऱ्या शिरा, म्हणजे बोटं उचलणाऱ्या दोऱ्या, उघड्या दिसत होत्या. तळहात शाबूत होता.

त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भाऊ, तो फौजी निंघाला का?"

"शोधत आहेत, अक्का."

"मी दोर सोडला नाई. पन तो हातातून सरकला. मले समजलं, सरकला म्हनून."

त्या दिवशी फक्त धुलाई झाली. पुराच्या पाण्यात चिखल, शेण, डिझेल सगळं असतं. बारा लिटर सलाईननं हात धुतला, मेलेले तुकडे काढले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, ओली पट्टी बांधली. मेजर सेठींनी तिसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं ठरवलं. जखम स्वच्छ राहिली तर तिच्यावर नवी कातडी लावायची, म्हणजे स्किन ग्राफ्ट. खरं तर त्यांना विमलअक्कांना मोठ्या रुग्णालयात पाठवायचं होतं. पण पूल खचलेला, आणि हेलिकॉप्टर फक्त जीव धोक्यात असलेल्यांसाठी. मेजर सेठींनी रेडिओवर दोनदा विचारलं. दोनदा नकार आला. नकार बरोबरच होता, त्याच दिवशी दोन बाळंतिणी उचलायच्या होत्या.

जखम आठवडाभर उघडी राहिली असती तर त्या दोऱ्या सुकल्या असत्या आणि हात लाकडासारखा झाला असता. केळीची फणी धरायला बोटं उघडावी आणि मिटावी लागतात. जीव वाचला असता, काम गेलं असतं.

ते दोन दिवस दर चार तासांनी मी त्यांची पट्टी ओली करायला जायचो. प्रत्येक वेळी पहिला प्रश्न तोच. मग एकदा त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठचे हो भाऊ?"

"दोंडाईचाकडला शे."

"म्हंजी तुम्ही ते 'शे'वाले! माही मावशी तिकडे दिलीये. तिच्या घरी गेलं की मले निम्मं समजते, निम्मं हासाले लागते."

"आमले पन तुमनं तसंच," मी म्हणालो. त्या हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

आता ग्राफ्टबद्दल थोडं सांगायला हवं. मांडीवरून कांद्याच्या पापुद्र्यासारखा कातडीचा थर लांब सुरीनं सोलून काढतात आणि जखमेवर बसवतात. मांडीची जागा आपोआप भरून येते. पण असा पातळ थर नंतर आक्रसतो. जिथे सांधा उघडावा लागतो, उदाहरणार्थ अंगठ्याची घडी, तिथे पूर्ण जाडीची कातडी लागते. ती जांघेतून कापतात आणि तिथली जागा टाके घालून बंद करतात. अशी कातडी कमी मिळते. म्हणून ती मोजून, आकार देऊन घ्यावी लागते.

मोजायला मोठं यंत्र लागत नाही. मेजर सेठींनी मला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. निर्जंतुक ग्लोव्ह ज्या कागदात गुंडाळून येतात तो आतला कागद घ्यायचा. हात पूर्ण ताणून धरायचा, कारण सैल हातावर घेतलेलं माप नंतर अपुरं पडतं. कागद जखमेवर हलका दाबायचा. ओलाव्याचा ठसा उठतो. त्या ठशावरून कात्रीनं कापायचं. कापलेला कागद परत जखमेवर ठेवून पाहायचा, शिंप्यानं गळा बेतावा तसा. मग तो कागद जांघेवर ठेवून भोवती जेंशन व्हायलेटच्या जांभळ्या शाईनं रेघ मारायची आणि थोडी जास्त कातडी घ्यायची, कारण कापल्याबरोबर ती आत ओढली जाते.

लांबीसाठी रेशमाचा दोरा. ब्लेडच्या हँडलवर सेंटिमीटरच्या खुणा असतातच. सुरी किती जाडीचा थर काढेल हे पाहायला पंधरा नंबरचं ब्लेड तिच्या फटीत घालून पाहायचं. आणि एकूण किती कातडी लागेल याचा अंदाज पेशंटच्याच तळहाताने. विमलअक्कांची जखम त्यांच्या दीड तळहाताएवढी होती.

एक सवय मात्र मेजर सेठी कुणालाही मोडू देत नसत. जखमेवर कागद असतानाच त्याच्या वरच्या बाजूला पेशंटच्या नावाचं पहिलं अक्षर लिहायचं. कागद उलटा पडला तर आकार आरशातल्यासारखा होतो. डाव्या अंगाचं टोक उजवीकडे जातं. कापलेली कातडी मग बसत नाही आणि परत जोडताही येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडली. जखम लाल, स्वच्छ, वास नाही. त्याच वेळी दुसरा आदेशही आला. कॉलम उद्या सकाळी सहाला पुढच्या तालुक्यात हलणार. मेजर सेठी कागद वाचून म्हणाल्या, "तो फिर आज ही. ग्यारह बजे."

कॅप्टन बरुआंनी कमरेत भूल दिली आणि उजव्या खांद्याजवळ दुसरी. हात आणि पाय बधीर, बाई जागी. पूर्ण बेशुद्ध करायला आमच्याकडे ऑक्सिजन पुरेसा नव्हता. कमरेची भूल दोन तास चालेल, फार तर सव्वादोन.

अकरा वाजून दहा मिनिटांनी सुरुवात झाली.

"पाटील, नाप?"

"लंबाई अठारह, चौड़ाई नौ, मॅडम."

"तान के लिया?"

"तान के."

मांडीवर पॅराफिन लावलं. मी लाकडी पट्टीनं कातडी सपाट ताणून धरली. मेजर सेठींनी सुरी आडवी चालवली, करवतीसारखी पण अगदी हलकी. पातळ थर सुरीवर चढत आला. एकच पट्टी, एकोणीस सेंटिमीटर, न फाटता. मी ती पॅराफिनच्या जाळीवर पसरली, चकाकणारी बाजू वर. तिची एक कड उरली. ती सलाईनच्या गॉजमध्ये गुंडाळून बाटलीत घालून शेठजींच्या फ्रीजमध्ये ठेवायला दिली. अशी कातडी दोन आठवडे टिकते.

मग अंगठ्याची घडी. मी अंगठा आणि पहिलं बोट शक्य तितकं लांब धरलं. कागद दाबला, ठसा घेतला, कापला, परत ठेवून पाहिला. आकार होडीसारखा, पण एका बाजूचं टोक लांब. वर 'वि' लिहिलं. तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

पार्टिशनपलीकडून रेडिओ बोलला. सिग्नलवाल्यानं आवाज कमी करायच्या आत एवढं ऐकू आलं.

"नायक बिष्ट रिकव्हर्ड. डाउनस्ट्रीम. आय से अगेन, रिकव्हर्ड. नो लाइफ. ओव्हर."

विमलअक्कांना इंग्रजी येत नव्हतं. पण नाव त्यांनी माझ्याकडूनच ऐकलेलं होतं.

"भाऊ, बिष्ट म्हने ना तो? सापडला का?"

"सापडला, अक्का."

"बरा हाये ना?"

मेजर सेठींनी आदल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, ऑपरेशन होईपर्यंत तिला वाईट काही सांगायचं नाही. ऑर्डर ऑर्डर असते. पण मला खोटं बोलता आलं नाही. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. अक्कांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, मग तोंड भिंतीकडे वळवलं. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं, ते कॅप्टन बरुआंनी गॉजनं टिपलं.

"पल्स एक सौ अठारह," ते म्हणाले.

मेजर सेठींनी मान हलवली. "टेम्प्लेट."

मी कागद उचलून जांघेवर ठेवला. पेन दिलं. त्यांनी वाकून अर्धी रेघ मारली. माझी नजर कागदावर होती, पण मी तो पाहत नव्हतो. मला बिष्टची वही दिसत होती, देवनागरीत लिहिलेली चार वाक्यं. मग अक्षर दिसलं. शाई कागदातून खाली उतरली होती, म्हणून दिसलं. 'वि' होता, पण वेलांटी चुकीच्या बाजूला.

"स्टॉप, मॅडम."

त्यांचा हात जागीच थांबला. "क्या है?"

"कागज उलटा है. मैंने उलटा रखा. गलती मेरी है."

त्यांनी पेन बाजूला ठेवलं. कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एकवीस वर्षांत माझ्या हातून झालेली ती सगळ्यात मोठी चूक. आणखी दोन मिनिटांनी ब्लेड चाललं असतं. अक्कांच्या अंगावर मांस नव्हतं. जांघेत तेवढ्या आकाराची एकच जागा होती.

"पोंछो. सीधा करो," त्या म्हणाल्या. एवढंच.

मी शाई पुसली, कागद सुलटा केला, जखमेवर नेऊन पुन्हा एकदा पडताळला, मगच जांघेवर ठेवला. या वेळी रेघ मारण्याआधी मेजर सेठींनी अक्षर मोठ्यानं वाचलं. "वि." मीही वाचलं. "वि." त्या दिवसापासून ती आमची पद्धत झाली. दोघांनी वाचायचं.

पुढचं काम शांतपणे झालं. अंगठ्याच्या घडीत कातडी बसली, टोकाला टोक. हाताच्या वरच्या बाजूला पातळ पट्टी बसवली. तिच्यात ब्लेडनं बारीक छिद्रं केली, खालचं पाणी बाहेर पडावं म्हणून. टाक्यांचे दोरे लांब ठेवून त्यांच्याखाली पॅराफिनचा कापूस घातला आणि गाठोड्यासारखं आवळून बांधलं. अंगठा उघडा राहील अशी प्लास्टरची पट्टी लावली. एक वाजून दहा मिनिटांनी संपलं. कॅप्टन बरुआंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "टाइम था अभी. पाँच मिनट."

साडेचारला बिष्टला पॅकहाऊसच्या अंगणात आणलं. पाऊस थांबला होता. शेठजींनी पांढरं नवं कापड दिलं. पॅकिंगला येणाऱ्या बायका भिंतीला लागून उभ्या राहिल्या. कॉलममधले जे जवान जागेवर होते ते फॉलइन होऊन रांगेत उभे राहिले. अक्कांनी निरोप पाठवला, मलाही न्या. कॅप्टन बरुआ नको म्हणत होते. मेजर सेठी म्हणाल्या, "ले आओ. सर ऊपर नहीं उठाएगी." कमरेत भूल दिलेल्यानं दिवसभर डोकं उचलायचं नसतं. आम्ही स्ट्रेचर आणून दुसऱ्या रांगेत ठेवलं. सॅल्यूट झाला.

नंतर अक्कांनी मेजर सेठींना डाव्या हातानं खूण करून बोलावलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "यांले सांगा. दोर माह्या हातातून वीतभर सरकला. तवाच तो गेला असंन. त्याच्या मायले काय सांगू मी?"

मी हिंदीत सांगितलं. मेजर सेठी स्ट्रेचरजवळ खाली बसल्या.

"इनसे कहो, वो हाथ मैंने खोलके देखा है. हाथ ने नहीं छोड़ा. चमड़ी निकल गई, मुट्ठी नहीं खुली. और बिष्ट तब तक रस्सी खोल चुका था. रस्सी पर नाना थे. नाना बाहर हैं."

मी ते अक्कांच्या बोलीत, जमेल तसं सांगितलं. हात सुटला नाही, कातडी सुटली. अक्कांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग डोळे मिटून पडून राहिल्या.

सकाळी सहाला कॉलम हलला. मेजर सेठींनी कमांडरची परवानगी काढून मला सहा दिवस मागे ठेवलं. गावच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर रोज यायचे, पण पहिली पट्टी माझ्यासमोरच सुटेल, असं मेजर सेठींनी लिहून दिलं होतं. त्या दिवसांत मी शेठजींच्या घरी जेवलो. कांदा-लसूण नाही, पण कढी अशी की अजून तोंडात आहे. सैन्यात रिकामा बसलेला माणूस मी कमीच पाहिला. मी पॅकहाऊसची सगळी फरशी फिनाइलनं पुसून दिली, दोनदा.

पाचव्या दिवशी सकाळी नऊला पट्टी सोडली. मी एकेक दोरा कापला. कापूस भिजवून भिजवून उचलला. ग्राफ्ट लागली नसेल तर ती कापसाबरोबर वर येते, काळी, चिकट. कापूस निघाला आणि कातडी जागेवर राहिली. गुलाबी. बोटानं दाबलं तर पांढरी पडून पुन्हा गुलाबी झाली. म्हणजे आत रक्त पोचलं होतं. अंगठ्याची घडी पूर्ण बसली होती. मनगटाजवळ नखाएवढा एक डाग काळा होता. फ्रीजमधली बाटली आणली, राखून ठेवलेली कड कात्रीनं तेवढीच कापली, डॉक्टरांनी ती तिथे बसवली.

अक्का हाताकडे बघत म्हणाल्या, "हा माहा हात हाये? रंग तं मांडीचा दिसते."

"मांडीचाच शे, अक्का. आता हाताचा व्हई."

दाराबाहेर शेठजी उभे होते. मी बाहेर येऊन 'लागली' एवढंच म्हणालो. त्यांनी हात जोडले आणि कामगारांकडे वळून मोठ्यानं सांगितलं. आतून एकदम बायकांचा गलका झाला. त्या दिवशी मला जे समाधान वाटलं ते मला कुठल्याही मेडलनं दिलं नसतं. मला मेडल मिळालंही नाही, आणि त्याची रुखरुखही नाही.

त्यानंतर व्यायाम. मूठ मिटायची, उघडायची, कणीक मळायची, ओला टॉवेल पिळायचा. पाचव्या महिन्यात अक्का पॅकिंगला परत गेल्या. सुरुवातीला फण्या पुसायच्या, मग बॉक्समध्ये लावायच्या. करंगळी अजून पूर्ण सरळ होत नाही. त्या म्हणतात, तिचं काही काम नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी बिष्टच्या घरचा नंबर त्याच्या युनिटकडून मिळवला आणि सावद्याला गेलो. व्हिडिओ कॉल लावला. तिकडे त्याची आई, मागे बायको आणि आठ वर्षांची मुलगी. आईनं हात दाखवायला सांगितलं. अक्कांनी हात फोनसमोर धरला, मूठ मिटली, उघडली. मग दोघी बोलू लागल्या. एक कुमाऊँनी मिसळलेली हिंदी बोलत होती, एक आपली बोली. मी पहिल्या दोन वाक्यांचं भाषांतर केलं. त्यांना माझी गरज नाही असं दिसल्यावर उठून चहा सांगायला गेलो. अर्ध्या तासानं परत आलो तेव्हा गप्पा लोणच्यावर आल्या होत्या.

निवृत्तीनंतर मी धुळ्याला एका रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काम करतो. इथे कातडी काढायचं विजेचं यंत्र आहे, चांगलं आहे. पण अंगठ्याची घडी, पापणी, बोटाचं टोक असलं की अजूनही ग्लोव्हचा कागदच लागतो. नवीन टेक्निशियन मुलंमुली येतात त्यांना मी तो कापायला शिकवतो. अक्षर दोघांनी वाचायचं, हेही. का, ते विचारतात. मी माझी चूक सांगतो. न लपवता सांगितलेली चूक त्यांच्या लक्षात राहते.

दर वर्षी ऑगस्टमध्ये मी नदीकाठच्या त्या गावी जातो. बिष्टनं दोन दिवसांत बोटीतून बाहेर काढलेली माणसं शाळेच्या ओट्यावर जमतात. फोटोला हार घालतात. भाषण कुणी करत नाही. जो तो आपण कुठल्या फेरीत होतो ते सांगतो. रामदासनाना त्यानंतर चार वर्षं जगले आणि आपल्या घरी, आपल्या खाटेवर गेले. आता त्यांच्या जागी त्यांची सून येते.

मागच्या वर्षी मी अक्कांना विचारलं, "बिष्टला शेवटचं पाहिलं तेव्हा तो तुमच्याकडे बघत होता का?"

"नाई. तो गाठ पाहत होता. नानाच्या छातीवरची. वढून वढून पाहत होता, पक्की बसली का नाई ते. ओंडका आला तो त्यानं पाह्यलाच नाई."

गाठ पक्की बसली होती. नाना काठावर आले तेव्हा ती कुणालाच सुटली नाही. जवानांनी शेवटी ती चाकूनं कापली.